‘तणावमुक्त ठाणे’ हा किताब परत घेऊन समुपदेशक मॅडम परत देणेबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी साहेब,
पोलीस कर्मचारी आरोग्य व कल्याण शाखा,
मुख्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : लेखनिक हवालदार, पुलापलीकडील पोलीस ठाणे.

विषय : आमच्या ठाण्यास चुकून प्राप्त झालेला आनंद रद्द करून दर बुधवारची समुपदेशन सेवा पूर्ववत सुरू करणेबाबत.

संदर्भ : १) आपले पहिले पत्र, ज्यात आमचे अभिनंदन केले आहे.
२) आपले दुसरे पत्र, ज्यात त्या अभिनंदनाचे परिणाम कळवले आहेत.
३) आपले तिसरे पत्र, ज्यात आम्हाला ताण असल्याचा पुरावा मागितला आहे.

महोदय,

१. अर्ज करण्याचे कारण अर्जदार स्वतःच आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे चौकशीत आपला वेळ जायला नको. मी या ठाण्यात एकोणीस वर्षे लेखनिकाचे काम करतो. ठाण्यातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो. माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे आमच्या ठाण्याला बक्षीस मिळाले. त्या बक्षिसामुळे दर बुधवारी येणाऱ्या समुपदेशक मॅडम आमच्याकडून काढून घेण्यात आल्या. आणि मॅडम परत न आल्यास आमचे ज्येष्ठ हवालदार, ज्यांना सगळे ठाणे अण्णा म्हणते, यांना स्वतःच्या घरात धड शिरता येणार नाही. हे शेवटचे वाक्य वाचताना साहेबांना विचित्र वाटेल. लिहिताना मलाही वाटले. पण ते शब्दशः खरे आहे आणि त्याचा खुलासा कलम ४ मध्ये केला आहे.

२. मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना बसायला खोली नव्हती. ठाण्यात एकूण चार खोल्या. एकीत आमचे निरीक्षक, एकीत आरोपी, एकीत आम्ही सगळे, आणि चौथीत जप्तीचा माल. निरीक्षकांना आणि आरोपींना हलवणे शक्य नसल्याने मॅडमना मालाच्या खोलीत बसवले. तेथे चौतीस सायकली, एक भला मोठा ढोल, बिनमालकाच्या अकरा छत्र्या आणि समोरच्या न्हाव्याची जप्त केलेली फिरती खुर्ची आहे. बसण्यालायक वस्तू तेवढीच. मॅडम स्टुलावर बसायच्या आणि आमचा माणूस न्हाव्याच्या खुर्चीत. खटला चालू असल्याने खुर्चीची उंची बदलण्यास मनाई आहे, सबब बुटक्या कर्मचाऱ्यांचे पाय लोंबकळत असत. मन मोकळे करताना माणूस नकळत फिरतो, असे मॅडमचे निरीक्षण आहे. एक शिपाई आपल्या सासऱ्यांविषयी बोलता बोलता सलग सात वेळा फिरला आणि बाहेर आल्यावर भिंतीला धरून उभा राहिला. पण चेहरा मात्र हलका झाला होता, हे मी स्वतः पाहिले.

३. आता अडचण अशी, की ठाण्यात कोण कोठे गेला आणि कशासाठी गेला हे दैनंदिनीत लिहावे लागते. कोणीही ‘मन मोकळे करण्यासाठी’ असे लिहून देईना. पहिला गेला तो आमचा ड्रायव्हर. बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाला, “लेखनिकसाहेब, सायकली बघायला गेलो होतो असं टाका ना.” मी टाकले. त्याचे बघून दुसऱ्याने तेच सांगितले. मग तिसऱ्याने. दोन महिन्यांत आमच्या ठाण्यात सायकलींची पाहणी एकाहत्तर वेळा झाली. मुख्यालयाच्या गुन्हे शाखेचे लक्ष त्याकडे न गेले तरच नवल. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की या भागात सायकलचोरांची मोठी टोळी आहे आणि ठाणे तिच्या मागावर आहे. आम्हाला विशेष मोहिमेचा आदेश आला. मोहिमेच्या दगदगीने चौघे जण पुन्हा मॅडमकडे गेले, म्हणजे सायकली बघायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४. आता अण्णा. प्रत्येक ठाण्यात एक माणूस असतो, ज्याला वाईट बातमी पोचवायला पाठवतात. याचा कोणताही शासकीय आदेश नाही. ते काम आपोआप एकाकडे जाते आणि मग त्याच्याकडेच राहते. आमच्याकडे ते बावीस वर्षे अण्णांकडे आहे, कारण त्यांचा चेहरा शांत आहे, आवाज खालचा आहे आणि कोणी अंगावर कोसळले तर सावरण्याइतके ते रुंद आहेत. अपघात झाला, कोणी बुडाला, कोणी कामावरून परतलाच नाही, की फोन ठेवता ठेवता आम्ही सगळे अण्णांकडे बघतो. अण्णा टोपी घालतात आणि निघतात. जातात, बेल वाजवतात, दार उघडते, आणि पुढचे साहेबांना ठाऊक आहे. परत येऊन ते फक्त “सांगितलं” एवढेच म्हणतात आणि मी ते लिहितो. माझ्या एकोणीस वर्षांत मी त्यांना दुसरा प्रश्न विचारला नाही. याची मला आज लाज वाटते.

गेल्या वर्षी कधीतरी अण्णांचा हात बेलवर जाईनासा झाला. दुसऱ्यांच्या दारांवर कसाबसा जायचा. स्वतःच्या दारावर अजिबात नाही. आपण बेल वाजवली की आतले माणूस रडते, हे त्या बोटाने इतक्या वेळा पाहिले आहे की ते घरच्या बेलवरही टेकेना. चावी लावून आत जावे, तर गणवेशात न सांगता समोर उभे राहिल्याने बायको दचकेल ही भीती. म्हणून ते काम सुटल्यावर आपल्याच दाराबाहेर उभे राहू लागले, कोणाचे लक्ष जाऊन दार उघडेपर्यंत. एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास नवीन शेजाऱ्याने ठाण्याला फोन केला, “एक धिप्पाड माणूस अर्धा तास दाराशी उभा आहे, हलत नाही, बोलत नाही.” वायरलेसवरून सर्वांत जवळच्या कर्मचाऱ्याला तपासाला जाण्यास सांगण्यात आले. सर्वांत जवळ अर्थातच अण्णा होते. त्यांनी घटनास्थळाची पाहणी करून ‘संशयित मिळून आला नाही’ असा अहवाल दिला. तो अहवाल मी नोंदवून घेतला, त्यावर तारीख टाकली आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या बुधवारी मीच अण्णांना दंडाला धरून न्हाव्याच्या खुर्चीत नेऊन बसवले.

५. मॅडमनी अण्णांना गोळ्या दिल्या नाहीत की उपदेश केला नाही. त्यांनी सांगितले, दर बुधवारी माझ्याकडून उठलात की एका दाराची बेल वाजवायची आणि एक चांगली बातमी सांगायची. बातमी लहान हवी आणि खरी हवी. आधी ओळखीची दारे, मग अनोळखी, आणि सगळ्यांत शेवटी आपले. ओळखीचे पहिले दार म्हणून अण्णांनी अर्जदाराच्या क्वार्टरची निवड केली. मला कळवले असते तर बरे झाले असते.

अण्णा गणवेशात आमच्या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे पोलिसांच्या वसाहतीत पाळण्यातल्या पोरालाही समजते. माझ्या पत्नीने दार उघडले, अण्णांना पाहिले आणि तिने जो टाहो फोडला तो वसाहतीच्या फाटकापर्यंत ऐकू आला. अण्णांनी घाईघाईने चांगली बातमी सांगितली. बातमी अशी होती, की “वहिनी, कोथिंबीर ताजी आलीय.” तोपर्यंत वहिनी जमिनीवर. त्याच वेळी मी कांद्याची पिशवी घेऊन जिना चढून वर आलो. शेजारच्या तीन बायका माझ्याकडे पाहून किंचाळल्या. पत्नीने डोळे उघडले, मला पाहिले आणि पुन्हा मिटले. नंतर पाणी पिऊन झाल्यावर ती अण्णांना म्हणाली, “अण्णा, पुढच्या वेळी आधी कोथिंबीर म्हणा आणि मग बेल वाजवा!” अण्णा हसले. मी या ठाण्यात एकोणीस वर्षे आहे. अण्णांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर दर बुधवारी एक दार. नळाला आज पूर्ण वेळ पाणी आहे. तुमच्या धाकटीला मी रस्त्यात पाहिलं, मजेत होती. शिंप्याने तुमचं काम आटपलंय, घेऊन जा. बातम्या अशा. वसाहतीतली बायकामंडळी आता माझ्या पत्नीकडे चौकशी करतात, “आमच्याकडे कधी पाठवताय अण्णांना?” तळमजल्यावरच्या एक आजी तर एकदा सोडून दोनदा दार उघडून बसल्या आणि अण्णा दुसरीकडे गेले म्हणून रुसल्या. अकरा ओळखीची दारे झाली. बारावे अनोळखी असणार होते. येथपर्यंत सर्व सुरळीत होते, आणि येथेच अर्जदाराची चूक आपले काम करून गेली.

६. चूक अशी. दर सोमवारी सकाळी मला मुख्यालयाला चौदा तक्ते पाठवावे लागतात. मोकाट जनावरांची चेंगराचेंगरी, किती? बेवारस होड्या, किती? समुद्रात संशयास्पद हालचाल, किती? आमच्यापासून समुद्र नऊ तासांवर आहे. चौदाही तक्त्यांचे उत्तर ‘निरंक’ असते, म्हणजे काही नाही. हाताने लिहून लिहून बोट सुजले, तेव्हा मी ‘निरंक’ असा रबरी शिक्काच करून घेतला. सोमवारी मी शिक्का घेतो, धाड धाड चौदा वेळा मारतो आणि चहाला जातो. एका सोमवारी आपल्या शाखेचा पंधरावा तक्ता त्या गठ्ठ्यात आला. त्यावर विचारले होते : ‘या आठवड्यात तणावग्रस्त कर्मचाऱ्यांची संख्या.’ हात थांबला नाही. एकतीस सोमवार थांबला नाही.

आता आपल्या कार्यालयाच्या बाजूने पाहू. मॅडम कोणाचे नाव बाहेर सांगत नाहीत, ते त्यांच्या धर्मात बसत नाही. आमची दैनंदिनी म्हणते, सगळे सायकली बघतात. आणि तक्ता म्हणतो, निरंक. यावरून कोणताही शहाणा माणूस काढील तोच निष्कर्ष आपण काढला. आपला काही दोष नाही.

७. मग आपले पहिले पत्र आले आणि त्यापाठोपाठ आपण. ‘तणावमुक्त ठाणे’ असे कोरलेली काचेची पाटी आपल्या हस्ते आमच्या निरीक्षकांना मिळाली. आपण भाषणात म्हणालात, “यांचे चेहरे बघा!” साहेब, ते चेहरे आदेशावरून होते. आदल्या दिवशी फलकावर सूचना लागली होती : ‘दर्शनी भागातील कर्मचाऱ्यांनी पुढील आदेशापर्यंत प्रसन्न राहावे.’ पुढील आदेश अद्याप आलेला नाही. परिणामी, पर्स चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंनी दुसरीही तक्रार दिली, की माझी पर्स गेली आणि हे तिघे माझ्याकडे बघून हसत होते. ती तक्रार मीच लिहून घेतली. हसत.

त्यानंतर अभ्यासदौरे सुरू झाले. दर मंगळवारी आणि गुरुवारी इतर ठाण्यांतले आठ-आठ जण आमचा आनंद पाहायला येतात. त्यांना खुर्च्या द्या, चहा द्या, आनंद दाखवा. कामाचा गठ्ठा तसाच. आमच्या महिला शिपाई, ज्या रहदारीत सहा तास उभ्या राहून येतात, त्यांना पाहुण्यांसमोर दीर्घ श्वास घेऊन दाखवण्याचे काम आहे. परवा त्या म्हणाल्या, “रहदारीत धूर तरी असतो, इथे श्वास घेऊन घेऊनच मला चक्कर येते.” एका पाहुण्या हवालदाराने मला बाजूला घेतले. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. म्हणाला, “खरं सांगा भाऊ, तुमचं गुपित काय?” मी खरे सांगितले. म्हणालो, शिक्का. त्याला वाटले, मी विनयाने बोलतोय. त्याने वहीत लिहून घेतले.

८. आपल्या दुसऱ्या पत्राने, आनंदी ठाण्यास समुपदेशनाची गरज नसल्याने, मॅडमची बदली गरजू ठाण्याकडे झाली. आमचे तेविसांपैकी चार कर्मचारीही गरजू ठाण्यांना उसने देण्यात आले. उरलेल्या एकोणिसांची साप्ताहिक सुटी ‘ऐच्छिक’ करण्यात आली. इच्छा कोणाची, हे पत्रात लिहिलेले नाही. शेवटच्या बुधवारी मॅडमनी न्हाव्याच्या खुर्चीवरची धूळ स्वतः पुसली आणि जाताना अण्णांना म्हणाल्या, “बारावं दार थांबवू नका.” अण्णा “हो” म्हणाले.

९. मी चूक सुधारण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. पुढच्याच सोमवारी शिक्का बाजूला ठेवून, ताणाच्या तक्त्यात पेनाने स्वच्छ अक्षरात ‘एकोणीस’ लिहिले. त्यावर आपले तिसरे पत्र आले. एका आठवड्यात शून्यावरून एकोणीस ही वाढ संशयास्पद असून प्रत्येकी ताणाचे ठिकाण, वेळ व पुरावा सादर करावा, आणि हा ताण कोणाच्या हलगर्जीपणामुळे झाला याची जबाबदारी निश्चित करावी, असे त्यात म्हटले होते. पोलिसाला पुरावा मागितला की त्याला एकच गोष्ट सुचते. आम्ही पंचनामा केला.

पंच म्हणून समोरचा न्हावी आणि चाव्या करून देणारा काका यांना बोलावले. न्हाव्याने दर पाच मिनिटांनी आपली खुर्ची कधी मिळणार असे विचारले, तो भाग वगळला आहे. उर्वरित पंचनाम्यातील मजकूर नमुन्यादाखल : ‘आम्हा पंचांसमक्ष ड्रायव्हर यांची पाहणी केली असता, डावा डोळा आपोआप उडत असल्याचे दिसून आले. फोन वाजताच सदर इसम दोन बोटे उंच उडाला. फोन समोरच्या दुकानात वाजत होता. महिला शिपाई यांना आजचा वार विचारला असता त्यांनी “कुठला?” असा प्रतिप्रश्न केला. लेखनिक यांच्या उजव्या हाताची हालचाल पाहता, कागद नसतानाही हात वरखाली होत असल्याचे आढळले.’ पंचांनी वाचून, समजून सह्या केल्या. चाव्यावाल्या काकांनी सही करताना डोळे पुसले आणि म्हणाले, “आम्हाला वाटायचं, तुम्हाला काही होत नाही.” आपल्या शाखेने पंचनामा परत पाठवला. शेरा असा होता : ‘पंचनाम्यात जप्तीचा उल्लेख नाही. ताण जप्त करून मोहोरबंद अवस्थेत सादर करावा.’ आता ताण कोणत्या पोत्यात भरायचा, साहेब? हसून हसून आमची पुरेवाट झाली. अर्ध्या तासाने लक्षात आले, की महिला शिपाई हसत नव्हत्या, रडत होत्या.

१०. मॅडम गेल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी अण्णा ठरल्या वेळी मालाच्या खोलीत गेले आणि रिकाम्या स्टुलासमोर पाऊण तास बसून बाहेर आले. दुसऱ्या बुधवारी गेलेच नाहीत. नवे दार झाले नाही. गेल्या गुरुवारी त्यांच्या पत्नी ठाण्यात आल्या. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, ठाण्याची पायरी त्या पहिल्यांदा चढल्या. तेव्हा अभ्यासदौरा चालू होता, त्यामुळे त्यांनाही एकाने आनंदाविषयी प्रश्न विचारला. त्या सरळ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “भाऊजी, मी आता दार उघडं ठेवणं बंद केलंय. मॅडम म्हणाल्या होत्या, त्यांना वाजवू द्या. परवा ते आले, मला पावलं कळली. मी आतून कडीवर हात ठेवून उभी. ते बाहेर उभे. मध्ये दार. मी मनात म्हणत होते, वाजवा हो, एकदा वाजवा. पाऊण तास झाला. शेवटी माझाच धीर सुटला. सत्तावीस वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नाही, भाऊजी. मला ती बेल ऐकायचीय.”

मी त्यांना पाणी दिले. दुसरे काही देण्यासारखे माझ्याकडे नव्हते.

त्याच दुपारी मी अण्णांना शिक्क्याची सगळी हकिकत सांगून टाकली. मला वाटले, चिडतील. चिडायला हवे होते. ते म्हणाले, “अरे, तू विचारलं असतंस तरी आम्ही काय सांगितलं असतं? काही नाही, असंच म्हणालो असतो ना सगळे? उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.” माफी मागायला गेलो मी, आणि समजूत माझीच निघाली.

११. सबब साहेबांना हात जोडून विनंती, की
(अ) आमचा आनंद तात्काळ प्रभावाने रद्द करावा. काचेची पाटी पुसून, खोक्यात घालून तयार ठेवली आहे.
(ब) समुपदेशक मॅडम दर बुधवारी पूर्ववत मिळाव्यात. खोली चालेल, स्टूल चालेल, सायकलीही चालतील. दैनंदिनीत यापुढे कारण खरे लिहिण्याची जबाबदारी अर्जदार घेतो आणि पहिली नोंद स्वतःच्या नावाची करतो.
(क) ज्या ठाण्याला मॅडम दिल्या आहेत त्यांच्याकडून त्या हिसकावून घेऊ नयेत. काळ्या वर्तुळांचा तो पाहुणा हवालदार त्याच ठाण्याचा आहे. जमल्यास आणखी एक मॅडम नेमाव्यात. सर चालतील.
(ड) चूक एकट्या अर्जदाराची असल्याने काय शिक्षा व्हायची ती अर्जदाराला व्हावी. शिक्का सोबत जमा करत आहे.

१२. हा अर्ज खरे म्हणजे नेहमीच्या टपालात टाकणार होतो. लिफाफा बंद करत असताना अण्णा टेबलाशी आले. पत्ता दोनदा वाचला. मग म्हणाले, “साहेबांचं घर मी कधी पाहिलेलं नाही. म्हणजे अनोळखीच ना?” मी म्हणालो, अनोळखीच. म्हणाले, “दे इकडे.” कार्यालयाला बेल नसते, म्हणून ते उद्या, बुधवारी सकाळी, आपल्या निवासस्थानी येतील. अर्ज टपालपेटीत टाकायचा नाही, दाराखालून सरकवायचा नाही आणि फाटकावरच्या शिपायाकडे द्यायचा नाही, असे आमच्यात ठरले आहे. दार उघडेल त्याच्या हातात द्यायचा.

तेव्हा हा कागद आपण वाचत आहात त्याअर्थी बेल वाजली आहे. साहेब, घरातल्या कोणाचा जीव दारात गणवेश पाहून धसकला असेल, तर आधी त्यांना सांगावे, की सगळे सुखरूप आहेत, बातमी चांगली आहे. मग अण्णांकडे पाहावे. बेल वाजवल्यावर ते दोन पावले मागे सरकून उभे राहतात. त्यांना आत बोलवावे. ते “नको, घाईत आहे” म्हणतील. ते अजिबात घाईत नाहीत. त्यांची आजची रजा मीच मंजूर करून आणली आहे. शक्य झाल्यास बेल किती वाजता वाजली, ते पोचपावतीवर लिहावे. ठाण्यात उरलेले अठरा जण त्या वेळेची वाट पाहत आहेत आणि एका घरात एक बाई.

आता एकच दार उरले आहे. ते मुख्यालयाच्या अधिकारात येत नाही आणि अर्ज करून उघडत नाही. त्यासाठी आम्हाला बुधवार हवा.

याहून अधिक काय कळवावे. अण्णा समोरच आहेत, त्यांना विचारावे.

आपला नम्र, आणि लेखी स्वरूपात प्रथमच थकलेला,
(सही)
लेखनिक हवालदार,
पुलापलीकडील पोलीस ठाणे.
वार : मंगळवार, अभ्यासदौरा संपल्यानंतर.

सोबत :
१) काचेची पाटी, एक. (जड असल्याने मागाहून पाठवत आहे.)
२) पंचनामा, जप्तीविना.
३) रबरी शिक्का, एक, झिजलेला.
४) ‘कुठला?’ या उत्तराबाबत महिला शिपाई यांचा खुलासा. (वार अद्याप आठवलेला नाही.)
५) हवालदार, एक. मूळ प्रत. दुसरी उपलब्ध नाही. पाहून झाल्यावर, चहा देऊन, सुखरूप घरी पाठवावा.